फेब्रोची मावशी

२९ जानेवारी, सोमवार

योना संदेष्ट्याच्या आठवणीतल्या, निनवेच्या उपासाचा आज पहिला दिवस. दिवसभर पोटात काही नाही. आमचे यजमान लाहदो म्हणाले, "या वयात योनाच्या सोबतीला तू कशाला माशाच्या पोटात शिरतेस?" स्वतः मात्र चहा प्यायले नाहीत.

मास्तर म्हणतात, अक्षर सुधारायचं तर रोज चार ओळी लिहा, काहीही लिहा, कोणी बघणार नाही. मी पंचावन्नाव्या वर्षी चर्चच्या शाळेत भिंतीला टेकून बसते आणि पुढे सगळी सात-आठ वर्षांची. माझी अक्षरं बकऱ्यांसारखी ओळ सोडून पळतात. पळू देत.

आजची बातमी एकच. रिहाने परत आली. माझी थोरली बहीण. तिच्या नवऱ्याने मरण्याआधी गावाबाहेर पिवळ्या दगडाचं मोठं घर बांधून ठेवलं होतं. सगळ्यांना वाटलं, बांधलं ते दाखवायला. आज त्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. जर्मनी सोडून ती विधवा बाई भर बर्फात आमच्या कर्मो गावात राहायला आली आहे. शेजारीण सांगायला धावत आली. मी म्हटलं, "बरं." आणि मसूर निवडत राहिले. निवडून झालेले पुन्हा निवडले.

३१ जानेवारी, बुधवार

आज लिहूनच टाकते, हात दुखला तरी.

फेब्रो माझी मुलगी. ती पाच वर्षांची होती तेव्हा आमच्या डोंगरात रोज गोळीबार व्हायचा. शाळा बंद, दिवा लावायची चोरी. सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांना टाकून आम्हाला हलता येईना. रिहाने आणि तिचा नवरा इस्कंदर जर्मनीला निघाले होते. त्यांच्या पासपोर्टवर त्यांची मुलगी मरियम होती. मरियम आदल्या हिवाळ्यात तापाने गेली होती, पण पासपोर्टवर होतीच. रिहानेच म्हणाली, "शमोने, तिची जागा रिकामी आहे. फेब्रोला दे माझ्यासोबत. वर्षभरात तुम्ही पण या."

आम्ही दिली. मिडयात शहराच्या बसमध्ये बसवताना तिला सांगितलं, विचारलं कोणी तर नाव मरियम सांग. शहाणी होती. लगेच मान हलवली.

सासरे पुढे तीन वर्षं जगले. मग आम्हाला व्हिसा मिळेना. मधे मला दोन बाळं झाली, दोन्ही राहिली नाहीत. फोन करायला तेव्हा मिडयातला जावं लागायचं. एका फोनवर फेब्रो म्हणाली, "कशी आहेस, मावशी?" मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. इतक्यात इस्कंदरने फोन घेतला. "शमोने, इथे कागदावर ती आमची आहे. खरं बोललात तर पोरीला परत पाठवतील. कुठे पाठवतील, तुम्हाला ठाऊक आहे." फोन पुन्हा तिच्या हातात गेला. मी म्हटलं, "बरी आहे हो, मावशी बरी आहे."

तेव्हापासून मी मावशी. तिचं लग्न झालं, मला फोटो आला. तिथे सगळे तिला मरियमच म्हणतात. फेब्रो हे नाव उरलंय ते माझ्यापाशी, भाकरी थापताना मनात घ्यायला.

आता इस्कंदर नाही. मुलगी तिथलीच झाली, तिला कोण कुठे पाठवणार? तरी रिहानेने तिला सांगितलं नाही. घेतलं तिने, तर सांगायचंही तिने. मी का सांगू? मी रिहानेशी बोलत नाही. कधीपासून, ते मोजायचं मी सोडून दिलं.

४ फेब्रुवारी, रविवार

रिहानेच्या घरातले नळ गोठले. संगमरवरी न्हाणीघर आणि पाण्याचा थेंब नाही. दोन बादल्या घेऊन आमच्या टाक्यावर आली. आमच्या टाक्याचं पाणी गोठत नाही, ते तिला माहीत आहे, लहानपणी सगळं गाव याच टाक्याचं पाणी प्यायचं. मी घरात गेले. फाटक मात्र लावलं नाही. तहानेल्याला पाणी नाही म्हणायचं नसतं, म्हणून. दुसरं काही नाही.

खिडकीतून दिसलं, तिला भरलेली बादली उचलेना. अर्धी ओतून दिली.

११ फेब्रुवारी, रविवार

फेब्रोचा फोन आला. महिन्यातून एकदा करते, एवढं तिचं चांगलं आहे. लाहदोच आधी उचलतात, दोघं हवापाण्याचं बोलतात, मग मला देतात. आजकाल त्यांचं हवापाणी जरा लांबतं.

मला म्हणाली, "मावशी, तुझी दोन बाळं गेली ना? कशानं गेली?"

मी म्हटलं, "एक कावीळ होऊन. दुसरं श्वासच घेईना. का गं?"

"डॉक्टर विचारतात."

"तुझे डॉक्टर माझ्या बाळांचं का विचारतील?"

ती हसली. "डॉक्टरांना काय, काहीही विचारतात." मग जरा थांबून म्हणाली, "आणि पहिल्या वेळी? तेव्हा खूप त्रास झाला का तुला?"

मी म्हटलं, "पहिल्या वेळी दोन दिवस कळा देत होते. पण बाळ गुटगुटीत निघालं, आणि डोळे उघडेच."

तिकडून बराच वेळ आवाज नाही. आमच्याकडची लाईन अशीच, मधेच मरते. मग म्हणाली, "ठेवते, मावशी," आणि ठेवला.

नंतर लक्षात आलं, तिला दिवस गेलेत! मी इतकी मूर्ख, अभिनंदनसुद्धा केलं नाही. पण स्वतःच्या आईला विचारायचं सोडून मला का विचारते? रिहानेला विचारायला लाजत असेल.

"स्वतःच्या आईला" असं मी लिहिलंय. आता खोडत नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

ईस्टरपर्यंतचा मोठा उपास सुरू झाला. आज क्षमेचा सोमवार. दुपारच्या प्रार्थनेनंतर आमच्यात प्रत्येकाने प्रत्येकापुढे वाकायचं आणि माफी मागायची, लहानमोठं बघायचं नाही. त्याशिवाय उपासाला अर्थ नाही म्हणतात. पहिल्यांदा आमचे पाद्री अबुना तुमा आमच्यापुढे गुडघ्यावर बसले. त्यांचे गुडघे इतके वाजतात की शाळेतली मुलं दरवर्षी त्याच आवाजाची वाट बघतात. मग सगळे उठले आणि एकमेकांकडे निघाले. "मला माफ कर." "देव तुला आणि मला माफ करो." चर्चभर तीच कुजबुज, कबुतरं घुमावीत तशी.

रिहाने बायकांच्या ओळीतून माझ्याकडे येत होती. जर्मनीचा काळा कोट, डोक्यावर आईची ओढणी. आईची ओढणी तिच्याकडे होती हे मला माहीत नव्हतं. तीन बायका मधे राहिल्या, मग दोन. मी बाजूच्या दारातून बाहेर पडले.

भिंतीला टेकून उभी राहिले. आतून सगळ्यांचे आवाज येत होते. दारातून दिसलं, लाहदो तिच्यापुढे वाकले. माझा नवरा!

घरी आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही तिच्यापुढे कसे वाकलात?"

"गुडघा अजून वाकतो म्हणून," ते म्हणाले आणि बूट काढायला बसले.

२० फेब्रुवारी, मंगळवार

भात नको, भाजी नको झालं. उपास आहे म्हणून बरं, कोणी विचारत नाही.

३ मार्च, शनिवार

चर्चमधले दिवे घासायची पाळी माझी होती. अबुना तुमा मेणबत्त्यांची टोकं गोळा करत होते. कोणी नव्हतं म्हणून विचारलं.

"अबुना, प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणताना जिथे 'आम्हीही माफ केलं' असं म्हणायचं असतं, तिथे मी खोकते. चालतं का?"

ते म्हणाले, "माझ्या लक्षात आलंय. मला वाटलं दमा झाला."

मी हसले नाही. म्हटलं, "तोंडाने म्हटलं आणि आतून झालंच नाही, तर ते खोटं नाही का? ईस्टरला प्रभूची भाकर तशीच तोंडात घेऊ?"

ते बाकावर बसले. म्हणाले, "शमोने, माझ्या भावाला ज्याने गोळी घातली तो मला बाजारात दिसतो. कांदे विकतो. मी त्याला दर रविवारी माफ करतो. मंगळवारपर्यंत टिकतं."

"मग?"

"मग पुन्हा रविवार येतो."

मला वाटलं होतं, पुजारी माणूस, काहीतरी मोठं सांगतील. दिवे घासून घरी आले. वाटेत बदामाला मोहर आलेला दिसला. गेल्या वर्षीही आला असेलच.

देवाबद्दल खरं लिहायचं तर असं आहे. तो आहे, याबद्दल मला कधी शंका आली नाही. तो माझ्याकडे बघतो का, याबद्दल आहे. मी दिवा लावते तेव्हा मागणं एकच असतं, तिने मला एकदा हाक मारावी. एकदाच. मग ती तिकडे सुखात राहो. इतकी वर्षं हे एवढं मागते आणि वर कोणी हालत नाही.

१० मार्च, शनिवार

आज भांडण झालं. सगळं लिहिते.

द्राक्षांची छाटणी चालली होती. लाहदो वरच्या तुकड्यात, मी खालच्या. शेजारच्या ओळीत कात्रीचा आवाज आला. बघते तर रिहाने. न विचारता, न बोलता छाटायला लागलेली, तेही कसं, वेलीला टक्कल पाडत चाललेली.

मला राहवलं नाही. "फांदीवर दोन डोळे ठेवायचे! दोन! मुळापासून काय कापतेस? जर्मनीत द्राक्षं दुकानातच उगवतात वाटतं?"

इतक्या वर्षांनी तिला बोललेले माझे पहिले शब्द हे.

ती कात्री खाली ठेवून म्हणाली, "बोललीस एकदाची."

"वेलीसाठी बोलले. तुझ्यासाठी नाही."

"चालेल. वेलीसाठी बोल. शिव्या दे. मी त्यासाठीच आले."

"मग त्यासाठी एवढं घर कशाला बांधलं? शिव्या खायला खोपटंही पुरलं असतं."

ती हसायला गेली आणि तिचं तोंड वाकडं झालं. मग मी जे जे साठवलं होतं ते बोलले. म्हटलं, तुझी पोरगी देवाने नेली, माझी तू नेलीस. देवाला तरी मी काही विचारू शकत नाही, तुला विचारते. तिच्या लग्नात आई म्हणून कोण उभी होती? तिला माझं नाव कधी सांगितलंस? एकदा तरी?

रिहाने वेलीच्या खुंटाला धरून उभी राहिली. म्हणाली, "पहिलं वर्षभर रोज सांगायचे. निजवताना तुझं नाव घ्यायचे, तुझी आई शमोने, बाबा लाहदो, ते येणार आहेत. आणि ती रडायची. रोज, शमोने. उलटी होईपर्यंत रडायची. एक दिवस शाळेतून दमून आली आणि रडायच्या आधीच झोपली. दुसऱ्या दिवशी मी तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, आजच्या दिवस झोपू दे पोरीला. तो आजचा दिवस संपलाच नाही."

मी कापलेल्या फांद्या गोळा करायला लागले.

"आणि मरियम म्हटलं की ती ओ द्यायची. माझ्या मेलेल्या पोरीच्या नावाला घरात ओ यायची. तू असतीस तर हाक मारायची थांबली असतीस?"

मी पुढच्या वेलीकडे वळले. या प्रश्नाचाच जास्त राग येतो.

जाता जाता ती म्हणाली, "मरियम ईस्टरला येतेय. एकटी. तू म्हणशील तर तिला मी सांगते, तुझ्यासमोर. मग तिने माझं तोंड नाही बघितलं तरी चालेल."

"फेब्रो," मी म्हटलं. "तिचं नाव फेब्रो आहे."

"हो," ती म्हणाली. "फेब्रो."

तिच्या तोंडून ते नाव ऐकून मला बरं वाटलं नाही. माझ्याजवळचं एवढंच होतं, तेही तिने घेतल्यासारखं झालं.

१४ मार्च, बुधवार

फेब्रोने फोनवर स्वतःच सांगितलं, येतेय, आणि पाच महिने झालेत. मी म्हटलं, या दिवसांत एवढा प्रवास कशाला? म्हणाली, "नंतर जमणार नाही. आणि मला ते घर बघायचंय."

"रिहानेचं? बघशील, मोठं आहे. न्हाणीघरात संगमरवर आहे."

"ते नाही गं," ती म्हणाली. मग दुसरंच काहीतरी बोलली.

लाहदोंनी माळ्यावरून जुना पाळणा काढलाय आणि घासत बसलेत. विचारलं तर म्हणतात, अबुनांच्या सुनेला द्यायचाय. अबुनांच्या मुलाचं लग्न ऑगस्टमध्ये आहे. म्हटलं, "निदान लग्न तरी होऊ द्या पोरांचं!" तर म्हणाले, "लाकडाला आधीपासून तेल पाजावं लागतं." म्हातारपणी माणूस काय करेल सांगता येत नाही.

२५ मार्च, रविवार

देवदूताने मरियेला दर्शन दिलं तो आजचा सण. अबुना सांगत होते, प्रभूची आई व्हायला तिने 'हो' म्हटलं. मी ऐकत होते आणि मनात आलं, तिला निदान विचारलं तरी. पुढे मुलगा तिच्यापासून जाणार हे तेव्हा तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिने हो म्हटलं असतं का? मला वाटतं, म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं. पाच वर्षं मिळाली ती मिळाली.

फेब्रोच्या केसांना ओल्या गव्हाचा वास यायचा. तो वास आता आठवत नाही, फक्त आठवायचा हे आठवतं.

रिहानेला सांगायला लावू का? सांगितलं तर ती मला आई म्हणेल. म्हणेलच असं नाही. रिहानेला मात्र म्हणणं सोडेल. पोटुशी पोर, तिला या वेळी एक आई काढून घ्यायची आणि जिला ती ओळखतही नाही अशी दुसरी हातात द्यायची. आणि नाही सांगितलं तर मी मरेन मावशी म्हणून. रोज एक ठरवते, आणि दिवे लागेपर्यंत ते उलटतं.

१ एप्रिल, रविवार

ईस्टरच्या आधीचा, होसान्नाचा रविवार. सकाळी ऑलिव्हच्या फांद्या घेऊन सगळं गाव चर्चभोवती फिरलं.

संध्याकाळची प्रार्थना दिव्यांची. चर्चमधले सगळे दिवे मालवतात, वेदीचं दार बंद करतात, आणि आपापली मेणबत्ती घेऊन सगळे त्या बंद दारापुढे गुडघ्यावर बसतात. दहा कुमारींची गोष्ट. नवरदेव आला तेव्हा दिव्यात तेल असलेल्या पाच आत गेल्या, पाच बंद दाराबाहेर राहिल्या. अबुना दारावर क्रूसाने ठोकतात आणि म्हणतात, प्रभू, आम्हाला उघड. सगळे मागून तेच म्हणतात.

रिहाने माझ्या शेजारी येऊन बसली. दुसरीकडे जागा नव्हती, मी बघितलं. अबुनांनी ठोकलं. "उघड" म्हणताना तिचा आवाज फुटला आणि मी दचकले. तो आमच्या आईचा आवाज होता. आई अशीच फाटक्या आवाजात म्हणायची आणि आम्ही दोघी तिच्या घागऱ्यामागे खिदळायचो, मेणबत्तीचं मेण एकमेकींच्या बोटांवर सांडायचो. रिहाने मोठी, पण मार मी खाऊ नये म्हणून पुढे व्हायची.

मला काय झालं ते नीट लिहिता येणार नाही. राग होताच, गेला नव्हता. पण त्या अंधारात मला दिसलं की आम्ही दोघी दाराच्या बाहेरच्याच. ती आत आणि मी बाहेर असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ती कुठे आत होती? सापडू नये म्हणून रोज घाबरलेली बाई, मेलेल्या पोरीच्या नावाने जिवंत पोरीला हाक मारणारी. ती कसली आत?

मी म्हटलं, "ताई."

ती वळली नाही. तिला वाटलं असेल, भास झाला. मग मी तिच्या कानाशी म्हटलं, "ताई, फेब्रोला काही सांगू नकोस. तिला बाळ होऊ दे. तिची आई तूच राहा."

तिची मेणबत्ती इतकी हलायला लागली की मला ती धरावी लागली. ती म्हणत होती, नको, नको, असं नको. इतक्यात दार उघडलं, दिवे लागले, सगळे उठले. आम्हाला दोघींना उठता येईना. अबुनांची बायको म्हणाली, "अगं, या दोघींना हात द्या कुणीतरी."

माफ केलं का? मला माहीत नाही. मंगळवारी बघू.

३ एप्रिल, मंगळवार

टिकलंय. थोडं कमी, पण टिकलंय.

६ एप्रिल, शुक्रवार

प्रभूच्या मरणाचा दिवस, चर्चमध्ये क्रूसाचं दफन केलं. कडू काढा घेतला. रडायला आज कारण विचारत नाहीत, म्हणून भरपूर रडून घेतलं. उद्या ती आल्यावर रडायचं नाही. "ये, मरियम" असं म्हणायचं. न्हाणीघरात आरशापुढे म्हणून बघितलं. तिसऱ्या वेळी जमलं.

७ एप्रिल, शनिवार

मास्तर, अक्षराला नावं ठेवू नका.

लाहदो अबुनांची गाडी घेऊन मार्दिनच्या विमानतळावर गेले होते. मी आणि ताई अंगणात कांद्याच्या सालीत अंडी रंगवत होतो. गाडी थांबली. उंच बाई उतरली, माझ्या सासूसारखी उंच, एक हात पोटावर. फोटोत ती इतकी लाहदोंसारखी दिसत नव्हती.

मी पुढे झाले आणि ठरवल्याप्रमाणे म्हटलं, "ये, मरियम."

ती फाटकातच थांबली. म्हणाली, "तूसुद्धा मरियम म्हणतेस?"

मला कळेना.

"माझं नाव फेब्रो आहे," ती म्हणाली.

मागे ताईच्या हातातलं पातेलं पडलं. अंडी गडगडत गेली.

फेब्रो अंगणात आली. टाक्याच्या कठड्यावर हात फिरवला. म्हणाली, "इथे अंजीर होतं. बाबा मला त्याच्या फांदीवर बसवायचे."

"वाळलं," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार. "त्या दुष्काळात वाळलं."

"मी पाच वर्षांची होते, मावशी. पाच महिन्यांची नव्हते. विसरेन कशी? मी कधीच विसरले नाही."

"मग बोलली का नाहीस? इतक्या फोनमध्ये, एकदा तरी!"

तेव्हा तिचा आवाज चढला. "मी बोलणार? मी? इस्कंदरकाका म्हणाले, आजपासून मावशी म्हणायचं. मी फोनवर म्हटलं मावशी, आणि तुझी वाट बघितली. मला वाटलं, तू ओरडशील. म्हणशील, मावशी कसली, मी तुझी आई आहे, हा काय वात्रटपणा. आणि तू म्हणालीस, मावशी बरी आहे. इतक्या सहज! मला वाटलं, देऊन टाकलं मला. मग दर फोनला मी मावशी म्हणायचे आणि वाट बघायचे. दर फोनला तू ओ द्यायचीस."

मी पायरीवर बसले. इतकी वर्षं मी दिव्यापुढे बसून एक हाक मागत होते, आणि तिकडे एक मूल फोन कानाला लावून माझ्याकडे तेच मागत होतं. मी ज्याला माझा त्याग समजत होते तो तिच्या कानावर दार लावल्यासारखा वाजला होता.

मी तिच्यापुढे वाकले. चर्चमध्ये वाकतात तसं, कपाळ खाली टेकवून. तोंडातून क्षमेच्या सोमवारचेच शब्द आले, "मला माफ कर."

ती म्हणाली, "ऊठ गं. ऊठ, मला खाली वाकता येत नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "माफ वगैरे मला माहीत नाही. विमानात मी ठरवून आले होते, तुझ्याशी जोरदार भांडायचं."

"भांड ना."

"दमलेय. उद्या भांडते."

मग ती ताईकडे वळली. ताई भिंतीशी अंड्यांमध्ये उभी होती, कोणीतरी घराबाहेर काढणार आहे अशी. "आणि मुट्टी, तुझ्याशी पण भांडायचंय. वेगळं." तिने ताईला तिकडच्या रीतीने मिठी मारली, पोट मधे येत होतं म्हणून वाकडी. ताई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तुला माहीत होतं. पहिल्यापासून तुला माहीत होतं."

लाहदो गाडीजवळ बॅगा धरून उभे. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक असणार? मी नुसता फोन उचलतो," ते म्हणाले, आणि त्यांना शिंका येऊ लागल्या. ते रडतात तेव्हा त्यांना शिंकाच येतात.

८ एप्रिल, ईस्टर

ख्रिस्त उठला आहे.

पहाटेच्या प्रार्थनेला आम्ही तिघी एका ओळीत, लाहदो पलीकडे पुरुषांत. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आली. मी खोकले नाही. अबुनांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. ताईने आणि मी प्रभूची भाकर घेतली. मला वाटलं होतं, तेव्हा काहीतरी होईल, आत उजेड पडेल किंवा काय. तसं झालं नाही. भूक लागली होती तेवढी जाणवली, आणि शेजारी फेब्रोचा खांदा होता.

घरी येऊन जेवणाची घाई. फेब्रो म्हणाली होती, आज भांडते. अजून भांडली नव्हती. सकाळपासून तिने मला काही म्हटलंच नव्हतं. मावशी नाही, दुसरंही काही नाही. "हे कुठे ठेवू", "ते दे ना", असं नाव न घेता चाललं होतं. मी काही बोलले नाही. मागायची सवय होती, पण आज मागितलं नाही. मुलगी माझ्या घरात चालत होती.

मी आणि ताई स्वयंपाकघरात अंडी सोलत होतो. फेब्रो अंगणात टाक्याजवळ गेली होती. तिकडून हाक आली, "आई! जरा इकडे ये ना."

मी सोलत राहिले. ताईसुद्धा जागची हलली नाही.

पुन्हा हाक आली. "आई, येतेस का?"

मी म्हटलं, "ताई, जा की. पोर कधीची हाक मारतेय."

ताईने हातातलं अंडं खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला ती मुट्टी म्हणते, शमोने, जर्मन भाषेतली आई. तिकडच्या शाळेत शिकली तेव्हापासून तेच म्हणते. हा शब्द ती मला कधीच म्हणाली नाही. मी किती शिकवला, तरी नाही."

बाहेर फेब्रो वाट बघत होती.

"जा," ताई म्हणाली. "तुला बोलावतेय."

मी हात पुसले आणि ओ दिली.